ओल्या गवताची नोंद

मार्लिन पेनरच्या गोठ्याच्या दाराला आतून
पेन्सिलीनं तारखा लिहिल्यात, कुरण जाळल्याच्या.
सगळ्यात वर आज्याची: अठ्ठावीस एप्रिल.
मधल्या बापाच्या, तिरक्या, घाईच्या.
खाली त्याच्या स्वतःच्या, आणि त्या
वर्षागणिक अलीकडे सरकत आलेल्या:
बारा एप्रिल, तीन एप्रिल,
गेल्या साली एकोणीस मार्च.
"गवत आधी वाळतंय," तो म्हणतो,
जसं कुणी म्हणावं, पोरगी आताशा लवकर उठते.

मी कॉटनवुड फॉल्सला राहते, लोखंडी सामानाच्या दुकानावर,
आणि माझं काम धूर बाटलीत भरायचं.
स्टीलची बाटली, लांब दांडा, नाकाला ओला रुमाल.
उभ्या जाळाचा एक नमुना,
जाळ पुढे सरकल्यावर मागे जे धुमसतं
त्याचे तीन.

घरून फोनवर विचारतात, नेमकं काय शोधतेस गं तिकडे?
मी सांगते, राब भाजतात ना, तसंच काहीसं.
आई जरा गप्प होते, मग म्हणते,
राब कोरडाच भाजावा. ओल्याचा नुसता धूर.
हे एक वाक्य इंग्रजीत सिद्ध करायला
मला सहा वर्षं लागली.

भडका त्या मानानं सरळ माणूस.
जे पुढ्यात येईल ते खातो आणि जातो.
मिथेन येतो अर्धवट पेटलेल्यातून:
दंव पिऊन बसलेली गवताची बुडखं,
शेणाचे पो,
सीडरचं आडवं खोड,
बाहेरून विझलेलं,
आत दोन दोन दिवस.

कुंपणापलीकडे कॅन्सस सिटीचा एक दातांचा डॉक्टर
शनिवार-रविवारी येतो. त्याला धूर सोसत नाही.
अकरा वर्षं त्या रानाला काडी लागलेली नाही.
सीडर आले, आधी दोघे, लाजत, कडेकडेनं,
आता पंगतच बसलीय.
ते पेटेल तेव्हा माझ्या बाटल्या पुरायच्या नाहीत.

ज्यांच्या नावावरून या राज्याचं नाव पडलं
तेही इथे आग लावत,
गव्यांना कोवळं गवत मिळावं म्हणून.
त्यांच्या तारखा कुठल्याच दारावर नाहीत.

"आग काय मोजतेस," मार्लिन म्हणतो,
"माझ्या दोनशे दहा गाई मोज. दिवसभर ढेकर देतात."
मी म्हणते, त्यांचा विभाग वेगळा, तिसऱ्या मजल्यावर.
तो हसतो, पण पुरतं नाही.
पूर्वी हसायचा तेव्हा शेजारी वर्ला असायची,
पाण्याची गाडी चालवणारी.

दहा वर्षांपूर्वी मी पहिला धूर भरला.
वारा एकाएकी फिरला, वर्लानं त्याला अशी शिवी हासडली
की मी झाकण फिरवायचं विसरले.
तो नमुना वाया गेला.
मिथेन हवेत दहाएक वर्षं काढतो,
म्हणजे त्या सकाळचा
तिनांतले दोन भाग आता विरला असेल,
एक भाग अजून आहे,
ग्रीनलंडवर असेल, जव्हारवर असेल,
या गोठ्याच्या पत्र्यावर असेल.
मार्लिनला मी हे सांगितलेलं नाही.
त्यानं विचारलं असतं, अजून किती दिवस?
आणि माझ्याकडे सूत्र आहे.

आज सकाळी सातला माणसं जमली,
ठिबकत्या जाळाचे डबे, फावडी, दोन पोरं शेजारची.
रात्री भुरभुर पडून गेली होती.
मार्लिननं मूठभर गवत उपटलं,
मोडून पाहिलं.
मोडलं नाही, वाकलं.
पुन्हा एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

सगळे परत गेले.
त्यानं गोठ्याचं दार ओढलं, कानावरची पेन्सिल काढली
आणि शेवटच्या तारखेखाली लिहिलं:
ओलं. थांबलो.

मी रिकाम्या बाटल्या गाडीत लावल्या.
वाटभर त्या एकमेकींवर वाजत होत्या.