खिळे

दर्बेंतच्या छापखान्यात हिझगिलमामा जुळारी होता.
आमची भाषा तो खिळ्याखिळ्याने उलटी रचायचा,
तेव्हा कुठे ती कागदावर सुलट उमटायची.

तो कामाला लागला तेव्हा ओळ उजवीकडून निघे,
सिनॅगॉगमधल्या पोथीसारखी.
एका सकाळी नव्या पेट्या आल्या. लॅटिन.
वरून आलेला माणूस म्हणाला, आजपासून डावीकडून.
मामाने चष्मा पुसला, आणि डावीकडून.
नऊ वर्षांनी पुन्हा पेट्या. आता रशियन.
घशाच्या तळातून येणाऱ्या आमच्या त्या एका आवाजाला
तिच्यात एक उभी काठी मिळाली,
म्हाताऱ्याच्या हाती देतात तशी.

मिर्वारीमामीला तिन्हींतलं एकही वाचता येत नव्हतं.
ती पाण्याला ओव म्हणायची, भाकरीला नुन,
भाषेला झुहुन,
आणि जिभेलाही झुहुनच.
"फुंकून खा, झुहुन भाजेल,"
ती आम्हा पोरांना रश्श्यावरून दटावायची,
आणि मामा एकटाच हसायचा, हसता हसता गप्प व्हायचा.

मग छापणंच थांबलं.
शिसं किलोवर गेलं, कॅस्पियनच्या कोळ्यांनी घेतलं,
वितळवून जाळ्यांना वजनं केली.
एकदा पहाटे किनाऱ्यावर
मामाने एका ओल्या जाळ्याची कड उचलली.
एका गोळ्यातून
न वितळलेल्या अक्षराचं टोक बाहेर आलं होतं.
त्याने त्यावर अंगठा फिरवला. ओळखलं.
कोणत्या पेटीतलं, ते मला सांगितलं नाही.
कोळी म्हणाला, म्हातारबा, सोडा, बोट निघतेय.

मामी गेली त्या हिवाळ्यात
शलुम हैफाहून पोचेपर्यंत माती ओढून झाली होती.
दगड घडवणाऱ्याने कान टवकारून विचारलं,
नाव कोणत्या अक्षरांत?
मामा कोऱ्या दगडावरून बोट नेत राहिला,
उजवीकडून डावीकडे,
मग डावीकडून उजवीकडे,
आरशात वाचत असल्यासारखा.
"तिला काय फरक पडतो," शलुम म्हणाला, हिब्रूत.
दगडवाल्याला ते कळलं नाही. मला अर्धं कळलं.

परतताना चढावर मामा दमला.
माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने झुहुनमध्ये विचारलं,
घरी ओव भरून ठेवलंय का.

हो, मी म्हणालो.
रशियनमध्ये.