रात्रपाळीचं ऊन

आमच्या सड्यावर आकाशाकडे तोंड करून
जाळं पसरलंय तारांचं, कोसभर.
खाली गवत उगवतं, बैल चरतात,
कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं पूर्वीसारखंच.
या जाळ्याला मासा लागत नाही, लागतं ते ऊन,
छत्तीस हजार किलोमीटरवरून सोडलेलं,
न दिसणारं, न भाजणारं,
घामाचा वाससुद्धा नसलेलं.

मी ते मोजतो. रात्री दहा ते सकाळी सहा.
काटा थरथरला की वहीत लिहितो,
नाही थरथरला तर चहा ठेवतो.

हलिमा होडेकर पहिल्याच आठवड्यात फाटकाशी आली,
कमरेवर टोपली.
"तुमच्याकडं म्हणे रात्रीचंही ऊन पडतं.
माझे बांगडे सुकतील काय त्यात?"
मी समजावलं, चाची, ते वेगळं,
आधी लहरी, मग वीज, मग
"ऊन ते ऊन," म्हणाली,
आणि कुंपणाला लागून खारवलेले चाळीस बांगडे
मांडून गेली.
सकाळी सगळ्यांवर दव. दोन मांजरानं नेलेले.
अडतीस तिनं मोजून उचलले
आणि मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघावं
तसं माझ्याकडे बघितलं.

शिमगा सरला, दिवस-रात्र बरोबरीला आले
की मध्यरात्रीच्या सुमारास काटा पडतो.
बिघाड नव्हे.
वर, त्या फलकांच्या गावावर, पृथ्वीची सावली येते.
म्हणजे आपलीच. माझी, फाटकाची,
हलिमाच्या उपड्या टोपलीचीसुद्धा.
तासभर, कधी थोडी जास्त.
बंदरावर बर्फाच्या कारखान्याची घरघर थांबते
आणि तेव्हा कळतं, ती इतके दिवस कानात होती.
मग समुद्र ऐकू येतो.
एक टिटवी.
तारांखाली कुठंतरी रवंथ करणारा बैल.
या तासापुढे वहीत मी शून्य लिहितो,
लिहून जरा वेळ त्याच्याकडे बघत बसतो.

त्या पहाटे पाळी सुटल्यावर बंदरावर उतरलो.
होड्या लागत होत्या, लाद्या फुटत होत्या.
हलिमा उकिडवी बसून
बांगड्यांवर बर्फाचा चुरा पसरत होती.
"हेच ते," मी म्हटलं,
"तिथून ऊन होऊन निघतं,
इथं येईस्तोवर बर्फ होतं."

तिनं एक खडा मुठीत धरला.
धरूनच ठेवला, बोटांतून पाणी गळेपर्यंत,
आणि एकदम टाकला.
"भाजतंय खरं."
लाल तळवा पदराला पुसला, माझ्याकडे वळली.
"मग माझे ते दोन बांगडे
कोण भरून देणार?"