‘आणि’च्या पुढे

यावलच्या कोर्टासमोर, निंबाखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली
रद्द झालेल्या नमुन्याची घडी.
अडतीस वर्षं मी दुसऱ्यांचं ‘मी’ टाइप करतो:
मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की.
‘की’च्या पुढे माणूस सुरू होतो.

काल रात्री हेमांगीचा फोन. ओहायोत अजून सकाळ.
सातवा महिना. मी विचारलं, पाय सुजतात का.
ती म्हणाली, नाना, तो हुकूम वाचला का?
वरून सही झाली म्हणे,
तिथं जन्मलं म्हणजे तिथलं, असं यापुढे नाही.
मग एका जज्जानं थांबवलं.
मग वरचे म्हणाले, थांबवलंस ते कुणापुरतं, ते आधी ठरवू.
एवढ्या लांबच्या बोलण्यात मला
एकच गोष्ट ओळखीची वाटली: तारीख.

म्हटलं, बाई, मूळ कलम वाच.
ती वाचत गेली, मराठी करत, अडखळत.
मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं:
जो इथं जन्मला
आणि इथल्या कायद्याच्या अमलाखाली आहे
तो इथला.
एवढंच?
एवढंच, नाना. माणसं विकणं बंद झालं, त्यानंतर लिहिलंय.
सगळं भांडण ‘आणि’च्या पुढे.

मला हसू आलं. यायला नको होतं.
साकळीच्या एका खरेदीखतात
‘व’च्या जागी ‘किंवा’ पडलं होतं,
एक्क्याण्णव साली, जेवणानंतर, डोळ्यावर झापड,
माझ्याच बोटांनी.
दोन सख्खे भाऊ सतरा वर्षं
एकाच एसटीनं तारखेला येत,
एक पुढच्या दारानं उतरे, एक मागच्या.
दोघंही उतरल्यावर मला रामराम करत.
मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी सुभान तडवी आला, पायथ्याच्या पाड्यावरून.
पोरीला नर्सिंगला नंबर लागलाय,
जातपडताळणीत फाइल अडली.
पन्नास सालाच्या आधीचा कागद आणा म्हणतात.
आजा शाळेत गेला नाही. शाळाच नव्हती,
जंगल होतं.
जंगलानं कुणाला दाखला दिला?

त्याचा अर्ज टाइप करता करता
मी हेमांगीचं सांगून बसलो. का, ते ठाऊक नाही.
त्यानं तंबाखू मळणं थांबवलं.
‘अमेरिकेतबी? तिथंबी इचारतात, तू कुठला?’
तिथंही.
‘मंग तुमच्या नातवाले कोनाचा कागद लागंन?’
आईबापाचा, मी म्हटलं. जावयाकडं नोकरीचा शिक्का आहे,
तीन वर्षांचा. उरले पाच महिने.
सुभान थोडा वेळ निंबाकडे बघत राहिला.
‘मह्या पोरीले आज्याचा लागते,
तुमच्या नातवाले बापाचा.
तुमचं सोपं हाये.’
टोमणा नव्हता. हिशोब होता.

तो चहा सांगायला गेला तेवढ्यात
मी कोरा कागद चढवला.
मी, खाली सही करणार.
नाव: जागा सोडली.
वय: तीही सोडली.
राहणार.
इथं बोट थांबलं.
वीज गेली म्हणावं, तर या यंत्राला वीज लागत नाही.

सुभान परतला, खांद्यावरून वाकून बघितलं.
अक्षरं त्याला जेमतेम येतात,
पण मोकळी जागा कुणालाही वाचता येते.
‘लिवा ना,’ तो म्हणाला, ‘मायच्या पोटात.’
तालुका?
‘ते जज्ज ठरवंन.’

आम्ही हसलो. चहा कडू होता, साखर तळाशी.
रस्त्यावरून केळीचे दोन ट्रक सावद्याकडे गेले,
कच्च्या हिरव्या घडांचे,
पिकायचे ते दिल्लीला जाऊन.
मी तो कागद ओढून काढला, घडी केली,
टेबलाच्या पायाखाली नाही, खिशात ठेवली,
आणि सुभानचा पुन्हा चढवला.

आत शिपायानं पुकारा केला, तीनदा.
दोघांनीही मान वर केली.
नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.