दहा हजारांच्या पायऱ्या

लोझान, तिसरा मजला.
खिडकीतून तळं दिसतं. मी बघत नाही.
माझ्यापुढे एक वक्र आहे:
गारपिटीत एका द्राक्षमळ्याचं किती जाईल, त्याचा.
सलग, गुळगुळीत,
डावीकडे पोट सुटलेलं,
उजवीकडे संपता न संपणारी शेपटी.

यंत्राला असलं सलग पचत नाही,
घास करून भरवावं लागतं.
म्हणून मी दहा-दहा हजार फ्रँकांच्या पायऱ्या खोदते
आणि उतारावरचा एकेक आकडा
कुठल्या तरी पायरीवर बसवते.

अलोइस शोलेचा मळा, गेला ऑगस्ट.
नुकसान चौदा हजार.
चौदाला पायरी नाही.
दहावर ढकलावं तर हप्ता तोकडा पडतो,
वीसवर चढवावं तर अख्ख्या डोंगराला भुर्दंड.
मग वाटणी:
सहा हिस्से दहाला, चार वीसला.
सरासरी तसूभर हलत नाही.
पसारा थोडा वाढतो;
वाटणी म्हटली की वाढायचाच.

(अलोइसला पूर्ण चौदा मिळाले.
बाकीचं सगळं माझ्या कागदावर.)

पाहणीला मीही गेले होते.
मोनरानं विचारलं, गार केवढी होती?
"हेझलनटाहून मोठी. अक्रोड नाही म्हणणार."
फॉर्मवर वाटाणा, हेझलनट, अक्रोड, अंडं.
मोनरानं पेन चावलं
आणि बरोबरची खूण दोन रकान्यांमधल्या रेघेवर केली.
ती खूण नंतर मलाच सोडवावी लागली.

अलोइस तालीच्या भिंतीवर बसला होता,
फाटकी पानं हातात.
म्हणाला, हाही आधी नुसता उतारच होता, बाई.
माती ठरत नव्हती.
म्हणून जुन्या लोकांनी दगड रचले.

भिंतीच्या जागेत काय पिकतं?
"काही नाही. पाली ऊन खातात."

आणि शेवटच्या भिंतीखाली?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
की शहरातल्या बाईला एवढंही दिसू नये.

आज संध्याकाळी बेरीज घेतली.
एक यायला हवी होती.
हजारातले नऊशे सत्त्याण्णव आले.
उरलेले तीन
दोन लाखांच्या पुढे कुठेतरी, शेपटीत,
त्यांना पायरी खोदायची तर खोदतच बसावं लागेल.

तिन्ही उचलून शेवटच्या ओळीत टाकले.
ओळीला नाव हवं होतं, यंत्र विचारत होतं.
मी टाइप केलं: तळं.