डागांची प्रतवारी

कायांबेत, प्लास्टिकच्या छपराखाली
हेर्मेलिंदा फारिनांगो गुलाब निवडते.
देठाची लांबी, कळीचं तोंड,
आणि पाकळीवर तिळाएवढा तपकिरी ठिपका दिसला
तरी फूल डावीकडच्या बादलीत.
फेब्रुवारीत तर मान वर करायला फुरसत नाही.
तिचा हात चुकत नाही.

आरशासमोर मात्र ती भरभर वेणी घालते.
दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर वांग.
इकडे त्याला पान्यो म्हणतात, म्हणजे कापड.
जणू कुणी ओलं फडकं तोंडावर वाळत घातलं
आणि काढायला विसरलं.

इंती पोटात होता तेव्हा आलं.
सासू म्हणाली, बाळंत झालीस की जाईल.
इंती आता सातवीत आहे.
इंती म्हणजे सूर्य. नाव तिनंच ठेवलं होतं.

जावेनं बाजारातून ट्यूब आणली,
वर औषधाचं नाव नाही, नुसतं एका गोऱ्या बाईचं हसू.
तीन आठवडे गाल उजळले.
चौथ्यात सोललेल्या टोमॅटोसारखे झाले,
मग डाग परतला, येताना भावंडं घेऊन आला.
लिंबू चोळून झालं. बटाटा चोळून झाला.
मामीनं सांगितलं ते चोळलं, ते इथे लिहीत नाही.

दवाखान्यात वर्षभरासाठी आलेली डॉक्टरीण, यादिरा,
वयानं तिच्या धाकट्या बहिणीएवढी,
जांभळा दिवा गालाजवळ धरून बराच वेळ बघत राहिली.
चोळायचं नाही, म्हणाली.
चिडलेल्याला कुणी चोळतं का? सावलीत बसवतात.

रुंद काठाची टोपी. छपराखालीसुद्धा,
प्लास्टिक ऊन गाळतं, अडवत नाही.
मातकट मलम, लोहाची भुकटी असलेलं,
दोन बोटं भरून, सकाळी आणि पुन्हा दुपारी.
रात्रीचं वेगळं, वाटाण्याएवढं, मोजकेच महिने.
उकळत्या सूपवर वाकू नकोस.
आणि ती तीन महिन्यांची सुई,
तिच्याऐवजी दुसरं काही चालेल का, बघू.

जाईल ना?

यादिरा लगेच बोलली नाही.
फिकं होईल. उन्हानं हाक मारली की पुन्हा येईल.
बारा वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी तिला खोटं सांगितलं नव्हतं.

मुकादम म्हणाला, आत टोपी कशाला?
तिनं वाफ्याकडे बोट केलं.
प्रत्येक कळीच्या डोक्यावर जाळीची टोपी होती.
तो काही न बोलता पुढे गेला.

आता ऑक्टोबर आहे. कापड गेलेलं नाही,
धुवून धुवून विरलंय, कडेला सूत सुटलंय.
एखाद्या दिवशी मलम राहतं, आणि गाल लगेच चहाडी करतो.

शनिवारी डावीकडची बादली ती घरी आणते.
इंती वहीसाठी जागा करत फुलं सरकवतो,
यांना काय झालंय, विचारतो.
काही नाही, म्हणते ती,
आणि बोटाला उरलेलं मातकट मलम
त्याच्या नाकाला लावते,
सूर्याच्या नाकाला.