नमुना

कुट्टी कोचीला गेले तेव्हा
फ्रिज विकला, पलंग विकला,
काचेची टाकी तेवढी माझ्या दारात आणून ठेवली.
"मॅडम, तुम्ही लॅबमधल्या. तुम्हाला जमेल."
आत पाच मासे. चार नारिंगी,
एक काळा, कोपरा धरून बसणारा.

लॅबमधली होते खरी. रबाळ्याला, एकोणीस वर्षं.
मासा मात्र तव्यावरच भेटलेला.

पहिल्या रविवारी हाताच्या सवयीने
फिल्टरचा स्पंज नळाखाली धरला,
पिळला, पुन्हा धरला,
नवरदेवाच्या रुमालासारखा होईपर्यंत.
बुधवारी एक नारिंगी वर आला,
तोंडाने पाण्याची साय चोखत.
शुक्रवारी चार उरले.

ऐरोलीच्या दुकानातला जयेंद्र तांडेल म्हणाला,
"ताई, मळ नव्हता तो. वस्ती होती.
माशांची घाण खाऊन जगणारी.
तुम्ही एका दुपारात उठवलीत."
आणि दोन बाटल्या दिल्या,
रंगांच्या चौकोनांचा एक कागद.

रात्री साडेनऊ. घरचे मालिकेत.
पाच मिली पाणी.
रेघेशी नळी आणली तशी मान आपोआप वाकली,
वक्राच्या तळाला नजर टेकली.
मान काही विसरत नाही.
पहिल्या बाटलीचे आठ थेंब. दुसरीचे आठ.
हलवायचं. पाच मिनिटं थांबायचं.

पिवळं राहिलं तर बरं.
आधी पोपटी झालं,
मग कच्च्या कैरीच्या सालीसारखं,
आणि तिथेच थांबलं.
दोन.
ट्यूबलाइटखाली धरलं, मग बेसिनच्या पिवळ्या दिव्याखाली,
दिवा बदलला की आकडा उतरतो का, ते बघायला.
ही युक्ती मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली सकाळी यायची,
चहाच्या रंगाची, कोमट.
आकडा वर गेला की शेट्ये साहेब म्हणायचे,
ओरडून नाही, अगदी मायेने,
"जरा पातळ करून घे ना नमुना. एकास चार."
मी घ्यायचे. डिस्टिल्ड वॉटर, स्वच्छ पिपेट,
आणि नंतर पाचाने गुणायचं
विसरायचे.
निळ्या वहीत, निळ्या शाईत: मर्यादेत.
सही.
नाला खाडीकडे जायचा, आपला नेहमीसारखा.

टाकीला शेट्ये साहेब नाहीत.
बादली आदल्या रात्री भरून ठेवायची,
क्लोरीन मारणारे थेंब घालायचे,
टाकीतलं चौथा हिस्सा पाणी नळीने काढायचं.
तोंडाने ओढताना एक घोट आत जातोच,
शेवाळाचा, गंजाचा.
खाणं एक दिवसाआड, तेही चिमटीच्या टोकाएवढं.
असे नऊ दिवस.
पातळ करते आहे, साहेब.
नमुना नव्हे. पाणी.

तांडेलला सांगितलं. सगळं नाही,
रबाळ्याचं नाव तेवढं.
तो गिऱ्हाइकासाठी जाळीने गप्पी मोजत होता.
"बाबा दिवा कोळीवाड्यातून होडी काढायचे," म्हणाला.
"निवट्यांना घासलेटचा वास यायला लागला,
तेव्हा जाळी विकली. म्हणून हे दुकान."
मग गप्पी पुन्हा पहिल्यापासून मोजले,
आकडा चुकला होता त्याचा.
निघताना स्वतःच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा
पिशवीत घालून दिला.
काळाकुट्ट, बुळबुळीत.
"धुऊ नका," एवढंच म्हणाला.
पैसे घेतले नाहीत.

आज पाव.
पाव म्हणजे शून्य नव्हे.
रंग इतका जवळचा की कोणीही पिवळाच म्हणेल,
मीही म्हटलं असतं,
कोणी मायेने विचारलं असतं तर.
काळा मासा कोपरा सोडून काचेशी आलाय,
कल्ले उघडतात, मिटतात.
वहीत तारीख घातली.
शून्य लिहिलं, पुढे टिंब दिलं,
आणि पेन तिथून उचललंच नाही बराच वेळ.
टिंब पसरत गेलं.
मग लिहिले
दोन आणि पाच.