चाकाच्या एका फेऱ्यात एकदा

शुक्रवारी दुपारी, लाईट नुकतीच आलेली,
रेवा पिलणकर दुकानात शिरली
नि काउंटरवर रुमालाची पुरचुंडी सोडली.
"काका, हे अडखळतं."

तळहाताएवढं इंजिन. हिरवं, पिवळ्या पट्ट्याचं,
तिच्या बाबांनी ब्रेमेनच्या बंदरातून आणलेलं.
जहाजावर फिटर. नऊ महिने पाणी, तीन महिने घर,
आणि घरी असले की माळ्यावर रूळ अंथरून बसणार.
"बाबा उद्या येतायत," ती म्हणाली.
मग तेच पुन्हा म्हणाली, जरा हळू.

मी मिक्सर दुरुस्त करतो. पंखे, विहिरीवरच्या मोटारी,
मिरकरवाड्यातल्या होड्यांचे सेल्फ.
त्यांची दुखणी मोठ्यानं बोलतात.
हे मात्र कानाशी धरावं लागलं, घड्याळासारखं.

घर खोलण्याआधी उंबरा झाडावा,
असं माझे उस्ताद इस्माईल मुकादम सांगत.
इथल्या हवेत कपाटातल्या सुयाही गंजतात,
रुळांनी काय घोडं मारलंय?
तिनं आणलेला हातभर रूळ स्पिरिटनं पुसला.
चिंधी काळी झाली, पितळ उजळलं,
इंजिन धावलं
आणि अडखळलं.

चाकं पुसली. कापसावर थोडी काजळी, बाकी काही नाही.
मग पाठीवर निजवून दोन तारा थेट चाकांना लावल्या.
पाय हवेत झाडत राहिलं. तरी टक्.
म्हणजे रुळांची माफी मागायला हवी.

तंबाखूच्या डबीतला चुना घेऊन
चाकाच्या कडेवर एक ठिपका दिला नि मोजत बसलो.
ठिपका वर आला की टक्.
ठिपका वर आला की टक्.
असं नेमानं येणारं दुखणं बरं,
ते स्वतःच आपला पत्ता सांगतं.

दोन स्क्रू खरे, तिसरा नुसता शोभेचा.
खालचं झाकण निघालं.
दातेरी चाकाच्या दोन दातांत
शिंपल्याचा कपचा, खसखशीएवढा.
सुईनं काढला. टक् थांबलं.

इथंच झाकण लावायला हवं होतं.
पण मोटार दिसली की चुंबक पाहायचा, ही वाईट सवय.
त्याला दाढी फुटली होती,
काळी, बारीक, ताठ उभी.
फुंकर मारली, हलेना.
ब्रशनं लोटली, फिरून तिथंच.
रत्नागिरीत कुणालाही दाखवा, सांगेल:
पांढऱ्या समुद्राची रेती चुंबकाला ओळख देत नाही.
ही मांडवीची.
आणि मांडवी काही माळ्यावर चढत नाही.

रेवा पंख्याकडे बघत होती,
दुरुस्तीला आलेल्या, पाती काढलेल्या पंख्याकडे.
"कितीसं लांब गेलं होतं?"
"काय?"
"इंजिन. रेतीतून."
बाहेर कुणीतरी सोड्यांचा भाव करत होतं,
तो तुटेपर्यंत ती गप्प.
"लाटेपर्यंत नाही नेलं," मग म्हणाली,
"नुसतं ठेवलं. लांबून जहाजं जातात ना,
तिकडं तोंड करून."

चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळली
नि दाढी करायला घेतली.
वीस वेळा, तीस वेळा.
थोडी निघे, थोडी मागं सरे.
चार-दोन कण कोपऱ्यात राहिलेच,
फिरणाऱ्या भागाला नडत नाहीत अशा जागी.
राहू दिले.
माणूस फिटर आहे. कधी झाकण उघडलंच,
तर समुद्र कुठला ते ओळखेल.

रुळावर ठेवलं. गेलं नीट, आलं नीट,
फक्त सांध्यावर किंचित थबकलं.
"हे?"
"रूळ वाकलाय. ते बाबांना दाखव."

वीस रुपये घेतले. घेतले नसते
तर मी काही लपवतोय असं तिला वाटलं असतं.
पुरचुंडी बांधता बांधता ती थांबली,
चाकावरचा चुन्याचा ठिपका
अंगठ्यानं पुसून टाकला.
मी विसरलोच होतो तो.